काम काय?

गेल्या सात वर्षांत सोसायटी आणि सोयरे मिळून अकरा जणांना मी बॅटरीवरचं ड्रिल मशीन घ्यायला लावलं. त्यांतल्या तिघांनी सल्ला मागितला होता, बाकीच्यांना तो आपणहून दिला. सगळ्यांना एकच वाक्य ऐकवलं : "घ्यायचं तर मोठंच घ्या, सारखं सारखं घेणं होत नाही." परवा सगळ्यांकडे चौकशी करून आलो. नऊ मशिनं माळ्यावर आहेत, एक गावाकडच्या भावानं नेलं ते परत आलं नाही, आणि एकाची बॅटरी फुगली. सल्ला देणाऱ्याचं स्वतःचं मशीनही माळ्यावरच होतं. तेव्हा आधी या अकरा घरांची माफी मागतो, मग पुढचं सांगतो.

मी नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो, अठ्ठावीस वर्षं. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. अर्जावर मी तेच लिहितो, पण जिभेवर नगर आहे, ते या वयात हलणार नाही. तर आमच्या स्टोअरला जाळीची खिडकी होती. बाहेरून पोरगं ओरडायचं, "साहेब, तेराचं ड्रिल द्या." आतून माझा प्रश्न ठरलेला, "काम काय?" काम कळल्याशिवाय हत्यार खिडकीबाहेर जायचं नाही. पत्र्याला चारचं भोक पाडायला तेराचं मशीन न्यायचं, बिट मोडायचं आणि वर स्टोअरनं माल खराब दिला म्हणायचं, हे रोजचं होतं. पोरं मला मागून 'काम काय साहेब' म्हणायची. मला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

निवृत्त झालो, हातात पैसे आले, आणि पहिल्याच दिवाळीत स्वतःसाठी ड्रिल घ्यायला गंजबाजारात गेलो. त्या दिवशी खिडकीच्या दोन्ही बाजूंना मीच होतो, आणि प्रश्न कुणीच विचारला नाही.

दुकानदारानं काउंटरवर चार मशिनं मांडली. त्यात एक १२ व्होल्टचं होतं, मुठीएवढं. मी ते उचललं आणि म्हणालो, "शेठ, हे कशाला ठेवलंय? केस वाळवायला?" शेठ हसले. गिऱ्हाईक मोठ्या मालाकडे चाललंय म्हटल्यावर कुठला दुकानदार आडवा येईल? मी घेतलं ते २० व्होल्टचं : तेरा एमएमचा चक, हॅमरची सोय, साठ न्यूटन मीटरचा टॉर्क, दोन बॅटऱ्या, आणि काळी-पिवळी पेटी. साडेअकरा हजार रुपये मोजले. पेटी स्कूटरच्या पायापाशी ठेवून दिल्ली गेटवरून सावेडीला येताना सिग्नलला शेजारच्या माणसानं पेटीकडे पाहिलं, तेव्हा मी उगाच ती जरा सरकवली. नीट दिसावी म्हणून.

याहून मोठा मूर्खपणा पुढच्या आठवड्यात केला. घरात पंधरा वर्षांचं वायरचं इम्पॅक्ट ड्रिल होतं. वायर जरा तडकलेली, कार्बन ब्रश बदललेले, पण चालू. आता बॅटरीचं आलंय, ही अडगळ कशाला, म्हणून भंगारवाल्याला अडीचशे रुपयांत देऊन टाकलं. भंगारवाल्यानं ते तिथल्या तिथे चालवून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते.

पेटीवरच्या आकड्यांचं माझं ज्ञान किती होतं, तेही कबूल करतो. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी १८ व्होल्टचं मशीन आणलं, तर मी त्यांना जिन्यात गाठून सांगितलं, "दोन व्होल्टला मार खाल्लात." बिचारे दोन दिवस खट्टू होते. आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल करते. तिनं एकदा सहज सांगितलं, "काका, दोन्हींत सेल पाचच. एका सेलचे ३.६ धरले की १८ होतात, नुकत्या चार्ज झालेल्या सेलचे ४ धरले की २०. पाटी वेगळी, माल तोच." लहान मशिनाचंही तसंच. तीन सेल, म्हणजे हिशेबानं १०.८; पाटीवर १२. बॅटरीत खरा साठा किती, हे पाहायचं तर व्होल्टला अँपिअर-अवरनं गुणायचं. १८ ची दोन अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६ वॅट-अवर, लहानीत साधारण २२. हा गुणाकार चौथीतलं पोर करील. मी स्टॉक लेजरची बेरीज तोंडी करणारा माणूस, पण पेटीवरचा मोठा आकडा दिसला आणि गणित तिथेच थांबलं.

टॉर्कचंही ऐका. चकच्या मागे एक फिरती कडी असते, तिच्यावर १ ते २० आकडे. तो स्पीड आहे, असं मी सात महिने समजत होतो. म्हणून कायम २० वर ठेवायचो. वास्तविक तो क्लच. स्क्रू ठरावीक जोरानं बसला की चक कटकट करत सुटतो आणि स्क्रू पुढे जात नाही, एवढंच त्याचं काम. मला ते कळायच्या आधी स्वयंपाकघरातल्या शटरच्या बिजागऱ्यांचे स्क्रू मी वीसच्या जोरानं आवळले. प्लायवूडमध्ये स्क्रू शेवटपर्यंत गेला, आणि मग तिथेच गरगर फिरत राहिला. भोक कातून मोठं झालं. एका शटरची तीन भोकं अशी गेली. ती मी काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरून निभावली. हिनं अजून ते शटर नीट उघडून पाहिलेलं नाही, असं मी धरून चाललोय.

पण मत हललं ते खिडकीच्या पडद्यावरून.

हॉलला पडदे लावायचे होते. पडद्याच्या दांडीचे ब्रॅकेट खिडकीच्या वर लागतात, आणि खिडकीच्या वर असते लिंटल. भिंत विटेची असली तरी लिंटल काँक्रीटचं. मी स्टुलावर चढलो, हॅमरचं चिन्ह लावलं, सहाचं बिट घातलं आणि दाबलं. प्लॅस्टरचा अर्धा-पाऊण इंच लोण्यासारखा गेला. पुढे नुसता आवाज. हात डोक्याच्या वर, मशीन पावणेदोन किलोचं, खांद्यातून घामाची धार. बिटाचं टोक निळं पडलं. वीस मिनिटांत जेमतेम पंधरा एमएम खोल गेलो आणि बॅटरी संपली. दुसरी लावली. तीही संपली. अशी चार भोकं पाडायची होती.

खाली उभी असलेली ही म्हणाली, "अहो, वायरमनला बोलवू का?" त्या वाक्यानं काय वाटलं, ते पुरुष वाचकांना सांगायला नको.

वायरमन आला, झोळीतून एक कळकट वायरचं रोटरी हॅमर काढलं, आणि चारही भोकं पाडून चहा निवायच्या आत खाली उतरला. जाताना माझं मशीन हातात घेऊन म्हणाला, "काका, मशीन भारी आहे. पण हे फिरतंय जास्त, ठोकतंय कमी."

तेवढ्यात त्यानं सगळं सांगून टाकलं होतं. माझ्या मशिनात जो 'हॅमर' आहे, तो म्हणजे दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घासत जातात, त्याची थरथर. मिनिटाला हजारो ठोके, पण एकेक ठोका टिचकीसारखा. त्यात दम भरायला आपल्या हातानं मागून दाबावं लागतं. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन असतो. तो हवा दाबतो आणि ती हवा लोखंडी ठोकळा बिटाच्या मागे आदळते. ठोके कमी, पण एकेक हातोडीचा. तिथे दाबायचं नसतं, नुसतं धरायचं. त्याचं बिटही वेगळं, मागच्या दांडीला खाचा असलेलं, एसडीएस म्हणतात. बॉशनं ती एसडीएस पकड १९७५ मध्ये काढली. आमच्या स्टोअरला तशी बिटं डझनानं होती आणि मी स्वतःच्या हातानं ती मोजून दिली आहेत. तरीही घरी पेटीवर 'हॅमर' हा शब्द वाचला आणि हॅमर म्हणजे हॅमर, असं धरून बसलो.

आणि आपल्याकडे हे जास्तच भोवतं. आपल्या काँक्रीटमध्ये खडी कसली असते? काळ्या फत्तराची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजून झालेला हा दगड. नगर जिल्ह्यात जमीन खणली की तो येतो. आयएस ४५६ प्रमाणे घराच्या आरसीसीला किमान एम-२० काँक्रीट लागतं, म्हणजे चौरस मिलिमीटरला २० न्यूटन सोसणारं. त्यातली खडी सुटी घेतली तर त्याच्या पाचपट सहज सोसते. म्हणजे बिट सिमेंटमधून जाताना जातं, आणि वाटेत खडा लागला की थांबतं. बिचाऱ्या मशिनाचा त्यात दोष नाही. परदेशातल्या लाकडी चौकटीच्या, आतून पुठ्ठ्यासारख्या बोर्डाच्या घरांत ते मशीन राजा असेल. जाहिरातीतला हसरा माणूस जिथे भोक पाडतो, ती भिंत आपली नसते.

मी लोकांना आणखी एक गोष्ट ठासून सांगायचो : बॅटरीचं ड्रिल नासानं चंद्रासाठी शोधलं. हेही खोटं निघालं. ब्लॅक अँड डेकरनं बॅटरीवरचं ड्रिल १९६१ मध्येच बाजारात आणलं होतं, निकेल-कॅडमियमच्या सेलवर. चंद्रावर ड्रिल गेलं ते दहा वर्षांनी, १९७१ च्या अपोलो १५ बरोबर. त्याच्या बांधणीत त्या कंपनीचा हात होता एवढं खरं. पण खरी गंमत पुढे आहे. डेव्हिड स्कॉट यांना चंद्राच्या जमिनीत तीन मीटर खोल भोकं पाडायची होती. पहिलंच भोक निम्म्याच्या आसपास अडलं. मातीचा नमुना घेणारी नळी तर अशी रुतली, की ती उपसायला दोघा चांद्रवीरांना मिळून जोर लावावा लागला. भोक अडायचं कारण काय, तर भोकातला भुसा वर यायला नळीवर जे आटे असतात, ते जोडापाशी तुटलेले होते. भुसा अडला, नळी आवळली गेली. मशीन कमी पडलं नव्हतं. चूक पुढे लावलेल्या नळीत होती.

हे वाचल्यावर मी माझ्या बिटांचा डबा उघडला. मशिनावर साडेअकरा हजार खर्च करणारा मी, बिटं मात्र फूटपाथवरचा दीडशे रुपयांचा संच वापरत होतो. आता काँक्रीटचं कार्बाइड टोकाचं बिट चांगल्यापैकी घेतो, आणि भोक पाडताना दर काही सेकंदांनी बिट मागे ओढून भुसा बाहेर काढतो. पडद्याच्या दिवशी एवढं केलं असतं, तर मान जरा तरी ताठ राहिली असती.

दुसरा धडा घोडेगावजवळ मिळाला. माझी बहीण नेवासा तालुक्यात दिलेली. दाजींनी कांदाचाळ बांधायला काढली होती. गावरान कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, भाव येईपर्यंत दिवाळीपर्यंत तो चाळीत ठेवायचा. जाणकार सांगतात की चाळीवर कौलं नाहीतर सिमेंटचा पत्रा घाला, लोखंडी पत्रा तापतो. दाजींनी लोखंडी पत्राच आणला होता. दाजी कुणाचं ऐकत नाहीत. मी पेटी घेऊन एसटीनं गेलो, दाजींचं काम एका दिवसात उरकून देतो म्हणून.

"पाव्हणं, लई मोठं हत्यार आणलंय," दाजी म्हणाले. मी फुगलो.

पत्र्याला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारायचे असतात, षटकोनी डोक्याचे, खाली रबरी वायसर. पत्र्यातून आणि खालच्या अँगलमधून स्वतःच भोक पाडत ते बसतात. माझ्या मशिनानं ते बसत होते, पण शेवटी स्क्रू आवळला की सगळा टॉर्क उलटा माझ्या मनगटात यायचा. चाळीस-पन्नास स्क्रू झाल्यावर मनगट असं भरून आलं, की पाण्याचा तांब्या डाव्या हातानं धरला. त्यात मे महिना, बेचाळीस अंश, तापलेला पत्रा. बॅटरी एवढी तापली, की चार्जरमध्ये घातल्यावर लाल दिवा लुकलुकत राहिला, चार्ज घेईना. मला वाटलं, चार्जर गेला. गरम बॅटरी चार्जर घेतच नाही, निवू द्यावी लागते, हे पुस्तिकेत पहिल्या पानावर होतं. पुस्तिका पेटीत होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेली.

फॅब्रिकेशनवाल्याचा एक पोरगा होता, विशीतला. त्याच्या हातात आखूड नाकाचं एक मशीन, इम्पॅक्ट ड्रायव्हर. ते कडकड आवाज करत स्क्रू खाली नेत होतं. माझा एक होईपर्यंत त्याचे तीन. मी ते हातात घेऊन पाहिलं. त्याच्या आत ठोके गोलाकार बसतात, स्क्रूच्या फिरण्याच्या दिशेनं, म्हणून जोर स्क्रूवर जातो आणि मनगटाला धक्का लागत नाही. त्यावर चकही नाही, पाव इंची षटकोनी बिट नुसतं आत ढकलायचं. पोरगा म्हणाला, "काका, तुमचं मशीन भोकाचं आहे. पत्र्याला इम्पॅक्टच लागतं." म्हणजे माझं मशीन लिंटलला चाललं नाही, पत्र्यालाही त्याची जागा नव्हती. मग ते नेमकं कशाचं?

(घोडेगावाहून शिंगणापूर जवळच. संध्याकाळी दर्शनाला गेलो. शनीच्या त्या गावात घरांना दारं न लावायची रीत. युको बँकेनं २०११ मध्ये तिथे कुलपाविना शाखा काढली, तेव्हा पेपरांत फोटो आले होते. दुखरं मनगट चोळत मी मोजत होतो : दार नाही म्हणजे बिजागरी नाही, कडी नाही, कोयंडा नाही. एका घरामागे निदान तीस भोकं वाचली. हिनं विचारलं, काय पुटपुटताय? नामस्मरण, म्हणालो.)

घरी आल्यावर मी जुनं हत्यार काढलं, ते म्हणजे बिन कार्ड. स्टोअरमध्ये प्रत्येक खणाला एक कार्ड असायचं, काय आलं, काय गेलं. तसं एक कार्ड माळ्याच्या दाराला टांगलं आणि वर्षभर घरात जे जे भोक पाडलं, जो जो स्क्रू आवळला, त्याची नोंद केली. तारीख, जागा, माप, मशीन. नातेवाइकांत हसं झालं, होऊ द्या. वर्ष संपल्यावर बेरीज केली. एकशे अठ्ठेचाळीस कामं. त्यांतली शंभरावर नुसती स्क्रूची : बिजागऱ्या, कुलपं, स्विचबोर्डाची झाकणं, नातवाची सायकल, पलंगाचे सैल झालेले पाय. तीस-बत्तीस भोकं लाकडाला आणि पातळ पत्र्याला. विटेच्या भिंतीला सहा. काँक्रीटला चार, आणि ती चारही माझ्या मशिनानं पाडलेली नव्हती, वायरमननं पाडली होती. तेरा एमएमचा चक वर्षभरात एकदाही तेरापर्यंत उघडला नव्हता. सर्वांत मोठं बिट लागलं ते आठचं.

कार्डावर आणखी एक गोष्ट दिसली, ती मी टिपायचं ठरवलं नव्हतं. निम्म्याहून जास्त कामांपुढे 'हातानं' असं लिहिलेलं होतं. म्हणजे पेटी काढायचा कंटाळा. स्टूल आणा, माळ्यावरून पेटी उतरवा, बॅटरी बघा, ती उतरलेली, चार्जिंगला लावा. तोवर ही साधा स्क्रू ड्रायव्हर घेऊन काम करून मोकळी. साडेअकरा हजारांच्या मशिनाला चाळीस रुपयांच्या स्क्रू ड्रायव्हरनं हरवलं होतं. आणि हिला ते मशीन वापरायचं का नव्हतं, हे मी सात वर्षांत कधी विचारलं नव्हतं. विचारलं, तर म्हणाली, "एका हातात पेलत नाही. दुसऱ्या हातानं स्क्रू कुणी धरायचा?"

लहानपणी आमच्या नालेगावच्या घरी सुतार यायचा, तेव्हाचं आठवतं. त्याच्या पोतडीत सामता असायचा, दोरी गुंडाळलेला धनुष्यासारखा, बारीक भोकासाठी. आणि गिरमिट असायचं, बाजेच्या खुरासाठी. लाकडाकडे पाहून त्याचा हात नेमक्या हत्याराकडे जायचा. त्या घराच्या मातीच्या भिंतींना तर भोक पाडायची वेळच यायची नाही. बांधतानाच खुंट्या बसवलेल्या, कोनाडे सोडलेले. पुढे एकदा मी त्याच भिंतीत प्लॅस्टिकची गिट्टी ठोकून घड्याळ लावलं, तर आठवड्यात गिट्टी, स्क्रू, घड्याळ आणि ओंजळभर माती असं सगळं एकत्र खाली आलं. माझं मशीन साठ न्यूटन मीटरचं असो की सहाशेचं, त्या भिंतीला लांब लाकडी खुंटीच हवी होती.

मग मी तेच १२ व्होल्टचं घेतलं. त्याच दुकानातून. शेठनी ओळखलं की नाही, कळलं नाही. मी केसांचा विषय काढला नाही. बॅटरीसकट किलोच्या आत वजन, दहाचा चक, दोन गिअर, क्लच, आणि हॅमर नाही. हॅमर नसलेलं मुद्दाम घेतलं. विटेला सहाचं भोक ते नुसतं फिरून पाडतं, जरा वेळ लागतो इतकंच. काँक्रीटचं काम निघालं की चौकातल्या दुकानातून वायरचं रोटरी हॅमर दिवसाला तीनशे रुपयांनी आणतो. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. सगळी काँक्रीटची भोकं साठवून ठेवतो आणि एका रविवारी उरकतो. वायरचं जुनं मशीन विकलं नसतं, तर विटेच्या भोकांना तेही कामी आलं असतं; पण ती नजर आठवते, म्हणून तो विषय सोडतो.

लहान मशीन सगळ्यांनी घ्यावं, असं आता म्हणू लागलो तर मी पुन्हा तोच माणूस. ज्याचं सुतारकाम आहे, ज्याला दारात कुलपासाठी मोठ्या व्यासाचं भोक कापायचं आहे, ज्याला दिवसभर चालवायचं आहे, त्याला १८ च लागतं, आणि शक्य असेल तर ब्रशलेस. त्यात घासणारे कार्बन नसतात, म्हणून ते कमी तापतं आणि तीच बॅटरी जास्त पुरते. ज्याचं काम पत्र्याचं, त्यानं इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्यावा. आणि कुणीही पहिलं मशीन घेताना हे ध्यानात ठेवावं, की आपली सोयरीक मशिनाशी कमी आणि बॅटरीशी जास्त जमते. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशिनाला सहसा बसत नाही. पुढची करवत, ब्लोअर, इम्पॅक्ट, सगळं त्याच घराण्यातलं आणावं लागतं. तेव्हा जिची बॅटरी पाच वर्षांनी आपल्याच गावात मिळेल, तिथेच लग्न लावावं.

परदेशातून कुणी आणतो म्हणालं तर जरा थांबा. शेजारच्या कुटुंबाच्या मुलानं अमेरिकेहून सुंदर किट आणलं. त्यांनी मला विचारलं, "इथे चालेल ना?" मी म्हणालो, "मोबाइलचे चार्जर चालतात, मग याला काय होतंय?" चार्जरवर 'इनपुट १२० व्होल्ट' लिहिलं होतं, मी चष्मा आणला नव्हता. आपल्या २३० च्या प्लगात घातल्यावर फट्‌ असा आवाज झाला आणि प्लॅस्टिक जळल्याचा वास चार दिवस त्यांच्या हॉलमध्ये राहिला. ते कुटुंब अकरांत धरलेलं नाही. त्यांची माफी वेगळी मागून झाली आहे, चार्जरच्या पैशांसकट.

मोठं मशीन गेल्या पाडव्याला दाजींना देऊन टाकलं, दोन्ही बॅटऱ्या आणि चार्जरसकट. दाजींनी त्याच बॅटरीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर नुसता, बॅटरीशिवाय, घेतला. म्हणून तो त्यांना बराच स्वस्त पडला. चाळीचे पत्रे ते इम्पॅक्टनं आवळतात. माझ्या मशिनानं ठिबकच्या सबमेन पाइपला ग्रोमेटची भोकं पाडतात, एका दिवसात दीडशे-दोनशे. दाजींच्या रानात लाइट बऱ्याचदा रात्री येते, दिवसा नसते. तिथे बॅटरीलाच अर्थ आहे. बहिणीचा फोन आला, की दाजी मशीन कुणाला हात लावू देत नाहीत. उन्हात ठेवू नका, बॅटरी पूर्ण उतरवून महिनोन्‌महिने टाकू नका, एवढंच मी तिला सांगितलं. आमच्या अकरांतल्या एकाची बॅटरी फुगली, ती पत्र्याच्या शेडमध्ये दोन उन्हाळे पडून होती.

लहान मशिनाला पेटी आली होती, ती मी फेकून दिली. मशीन आता स्वयंपाकघरात ओट्याखालच्या दुसऱ्या खणात असतं, झाऱ्या-उलथन्यांच्या शेजारी. बिन कार्ड खणाच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. गेल्या चार महिन्यांच्या नोंदींत हिचं अक्षर माझ्यापेक्षा जास्त आहे.

ज्या अकरा जणांना मी मोठं घ्यायला लावलं, त्यांनी आणि ज्यांना अजून घ्यायचं आहे त्यांनीही, सवडीनं घरी यावं. सावेडीत, गुलमोहर रोडच्या बाजूला कुणीही घर दाखवील. लहान मशीन हातात धरून पाहा, दोन स्क्रू मारून पाहा, बॅटरी चार्ज केलेली असते. येताना आपल्या घरातल्या भोकांची यादी मात्र आणा. दारात मी पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.